गोळी लागली 1965 ला, अर्जुन मिळाला 2025 ला

परवा गांधी चौकात चहा घेताना दोन पोरं भेटली. पहाटे रस्त्यावर पळणारी, भरतीची तयारी करणारी. 'चंदू चॅम्पियन' मोबाईलवर बघून आली होती. एकानं विचारलं, "सर, हे खरं आहे की पिक्चरवाल्यांनी वाढवून सांगितलं?"

म्हटलं, पिक्चरमध्ये मीठमसाला असतोच, पण माणूस खरा आहे. आपल्या महाराष्ट्राचा आहे आणि अजून हयात आहे. त्या पोरांना जे सांगितलं तेच आज इथं सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्यासाठी एक काम आहे.

मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरकडचे. लहानपणी कुस्ती, मग लष्करात. तिथं ईएमई, म्हणजे यंत्रं-गाड्यांची दुरुस्ती बघणारी शाखा. बॉक्सिंगमध्ये नाव काढलं. 1965 च्या भारत-पाक युद्धात शत्रूच्या हल्ल्यात गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्याजवळ राहिली आणि कमरेखालचं शरीर गेलं. वय वीस-एकवीस.

मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचार झाले. व्यायाम म्हणून डॉक्टरांनी पाण्यात उतरवलं. पाय चालत नव्हते, पण पाण्यात हात चालत होते. 1968 ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. 1972 ला जर्मनीतल्या हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात 37.33 सेकंद वेळ दिली. सुवर्णपदक, वर विश्वविक्रम.

आता हे नीट लक्षात घ्या. त्याच वर्षी त्याच देशात म्युनिकला ऑलिम्पिक झालं. तिथं आपल्याला हॉकीचं कांस्य मिळालं. ऑलिम्पिकमध्ये भारताला वैयक्तिक सुवर्ण मिळायला 2008 साल उजाडलं, अभिनव बिंद्रामुळे. पॅरालिम्पिकचं सुवर्ण मात्र त्याच्या छत्तीस वर्षं आधी एका जखमी मराठी जवानानं आणून ठेवलं होतं. आपल्याला पत्ताच नव्हता.

पुढं पेटकर पुण्याला टेल्कोत नोकरीला लागले. 1982 ला अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. अपंग असल्यामुळे नाकारला, असं त्यांनी नंतर मुलाखतींमध्ये सांगितलं. म्हणजे बघा, ज्या जखमेसाठी देशानं मान द्यायचा, तीच जखम नकाराचं कारण झाली. 2018 ला पद्मश्री मिळाली. जून 2024 ला सिनेमा आला. आणि 17 जानेवारी 2025 ला राष्ट्रपती भवनात त्यांना जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार देण्यात आला. वय ऐंशी. अर्ज करून त्रेचाळीस वर्षं झाली होती आणि गोळी लागून साठ.

तुम्ही म्हणाल, उशिरा का होईना, मिळालं ना? मिळालं. खाशाबा जाधवांना तेही जिवंतपणी मिळालं नाही. 1952 ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक आणणारा हा कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान 1984 ला अपघातात गेला. अर्जुन मिळाला तो मरणोत्तर.

पण माझा मुद्दा पुरस्काराचा नाही. पेटकरांकडं दाखवायला सुवर्णपदक होतं, तरी एवढा काळ लागला. ज्याच्याकडं नुसता व्रण आहे त्याचं काय?

आमच्या भागात एक निवृत्त जवान आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. 71 च्या लढाईत पायाला छर्रा लागलेला. थंडीत पाय उचलत नाही. एकदा विचारलं, "मामा, याची पेन्शन?" तर म्हणाले, "कागदावर नाही रे बाबा. तवा आमच्या बाजूला पोरं पडली होती. माझा पाय घेऊन कुणाच्या टेबलापुढं उभा राहू?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण व्यवस्था नेमकी उलटी चालते. जखम दिसत असली तरी नोंद लागते, आणि नोंद नसेल तर जखमी माणसानंच ती मागायला जायचं.

नोंदीला एवढं महत्त्व का? लष्करात 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणून नोंद झाली तर युद्धजखमेची पेन्शन बसते. तीच जखम साधा अपघात म्हणून नोंदली गेली, तर रक्कम बरीच कमी. दोन शब्दांनी माणसाचं उरलेलं आयुष्य बदलतं. आणि ती नोंद होते कुठं? तर आघाडीवरच्या धावपळीत, जिथं डॉक्टर आधी जीव वाचवायचं बघतो, रजिस्टर नंतर. शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांसाठी वेगळं पदक आपल्याकडं 1973 ला सुरू झालं. पांढऱ्या फितीवर मधोमध लाल पट्टा, आज त्याला पराक्रम पदक म्हणतात. म्हणजे 62, 65, 71 या तिन्ही लढाया झाल्या, त्यानंतर.

उशिरा मागितलं तर काय होतं, त्याचाही दाखला आहे. भारत सरकार विरुद्ध तरसेम सिंग. हा जवान 1983 ला वैद्यकीय कारणानं लष्करातून घरी आला. अपंगत्व पेन्शनसाठी उच्च न्यायालयात गेला 1999 ला. उच्च न्यायालयानं सोळा वर्षांची थकबाकी द्यायला सांगितली. 2008 ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्यानं तयार होतो, त्यामुळे उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. पण थकबाकी मिळेल ती दावा करण्याआधीच्या तीनच वर्षांची. बाकीची वर्षं गेली. सोप्या भाषेत सांगायचं तर गप्प बसल्याचा दंड जवानानंच भरायचा.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. सरकार कागद का मागतं? कारण खोटे दावे होतात. आपल्या मराठवाड्याला हे सांगायला नको. मुक्तिसंग्रामात जीव धोक्यात घालून भूमिगत काम केलेल्या कित्येकांकडं तुरुंगाचा दाखला नव्हता, कारण ते पकडलेच गेले नव्हते! आणि दुसरीकडं बीड जिल्ह्यात बोगस स्वातंत्र्यसैनिक इतके निघाले की चौकशीसाठी न्यायमूर्ती पालकर आयोग नेमावा लागला. खोट्यांनी कागद तयार केले आणि खऱ्यांचा कागद सापडेना. तपासणी हवीच. पण तिचं सगळं ओझं म्हाताऱ्या माणसाच्या खांद्यावर का?

न्यायालयानं हेच सांगितलंय. 2013 च्या धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की भरतीच्या वेळी नोंदीत आजार नसेल आणि नंतर माणूस त्यामुळे घरी पाठवला गेला, तर तो सेवेतूनच आला असं धरून चालायचं. तसं नसेल तर ते लष्करानं सिद्ध करायचं, जवानानं नाही. निकाल चांगला आहे. पण तो सेनगाव-कळमनुरीच्या वाडीतल्या मामापर्यंत पोचवणार कोण?

आपली हिंगोली एकेकाळी निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौजेशी या गावाचं नातं जुनं आहे. आजही पहाटे पळणाऱ्या पोरांमुळे रस्ते जागे होतात. 26 जानेवारीला आपण माजी सैनिकांना शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो, स्टेटसला ठेवतो. ते चुकीचं नाही. पण शालीखाली असलेली जखम कुठं नोंदलीय का, हे आपण कधी विचारलंय?

तर काम हे आहे. तुमच्या गावात, भावकीत जुना जवान असेल तर एकदा त्याच्या घरी जा. त्याचं डिस्चार्ज बुक बघायला मागा. दवाखान्याचे जुने कागद, मेडिकल बोर्डाचा शेरा, पेन्शनचा आदेश, जे असेल त्याचे फोटो काढून ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याच्यासोबत जा. तिथं नाही झालं तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईला आहे. अर्जाची तारीख महत्त्वाची, हे तरसेम सिंगच्या निकालावरून कळलंच असेल.

मामांना मी परत भेटलो. म्हणालो, तुम्ही नका उभं राहू टेबलापुढं, मी राहतो. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत गेले आणि पत्र्याची पेटी घेऊन बाहेर आले.

सोमवारी अर्ज देतोय. काय होतं ते इथंच कळवीन.