पहिल्या पाळीपासून रजोनिवृत्तीपर्यंत: कुटुंबाच्या इतिहासातला कोरा रकाना

परदेशात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नाव नोंदवताना जो अर्ज भरावा लागतो, त्यात कुटुंबाच्या आरोग्याचा एक रकाना असतो. आईची पाळी कितव्या वर्षी थांबली, घरात कोणाला गर्भाशयाचा, बीजांडकोशाचा वा स्तनाचा कर्करोग झाला होता का, मधुमेह आहे का, असे प्रश्न त्यात येतात. मधुमेहाचे उत्तर मराठी घरात चटकन मिळते. बाकीच्यांपाशी लेखणी अडते, कारण त्यांची माहिती घरात ज्या भाषेत फिरत आली ती मुळात झाकण्यासाठी घडलेली आहे. कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आहे, अंगावरून फार जाते, आणि शेवटी, पिशवी काढली. या शेवटच्या दोन शब्दांत शस्त्रक्रिया कोणत्या वयात झाली, कोणत्या कारणाने झाली आणि बीजांडकोश ठेवले की तेही काढले, यांतले काहीच सांगितले जात नाही. डॉक्टरांना हवे असते ते नेमके तेवढेच. आईची पाळी लवकर थांबली असेल तर मुलीचीही लवकर थांबण्याची शक्यता वाढते. मूल केव्हा व्हावे याचा विचार तिशीनंतर करणाऱ्या स्त्रीसाठी हा तपशील मोलाचा आहे.

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली आपली भूमिका पुन्हा स्पष्ट केली: मुली आणि किशोरींच्या बाबतीत मासिक पाळीकडे नाडी किंवा रक्तदाबासारखी, प्रकृतीची मूलभूत खूण म्हणून पाहावे. पाळीच्या वेळापत्रकावर मेंदू, बीजांडकोश, थायरॉइड, वजन, झोप आणि मानसिक ताण यांचा परिणाम होतो, म्हणून त्यातला बदल पुष्कळदा दुसरीकडच्या बिघाडाची पहिली वर्दी असतो.

पहिली पाळी साधारणपणे बाराव्या-तेराव्या वर्षी येते. आठ वर्षांच्या आत शरीरात बदल दिसू लागले, किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर तपासणी करावी. पहिली दोन-तीन वर्षे दोन पाळ्यांमधले अंतर २१ ते ४५ दिवसांपर्यंत असू शकते, कारण बीज दर महिन्याला सुटतेच असे नाही. पुढे ते २१ ते ३५ दिवसांवर स्थिरावते. परदेशात वाढणाऱ्या मुलीला ही माहिती शाळेत मिळते. घरात तिला पूजेपासून दूर बसवले जाते तेव्हा मात्र दोन्हींचा मेळ तिला लागत नाही. विटाळाच्या कल्पनेला शरीरशास्त्रात कसलाही आधार नाही, हे तिला घरातूनच कळलेले बरे.

वेदना सोसण्याची शिकवण याच वयात पक्की होते. ओटीपोटात कळा येणे सामान्य आहे. पण नेहमीच्या वेदनाशामक गोळीने न थांबणारे, शाळा किंवा कामावरून सुट्टी घ्यायला लावणारे, किंवा शौचाच्या वेळी आणि शरीरसंबंधात होणारे दुखणे सामान्य नव्हे. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते तो एंडोमेट्रिओसिस हा विकार जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननवयातील सुमारे १० टक्के स्त्रियांमध्ये आढळतो, आणि त्याचे निदान व्हायला कित्येक वर्षे जातात. दुखणे अंगावर काढण्याची सवय या विलंबात भर घालते. सोनोग्राफी निर्दोष आली म्हणजे आजार नाही असेही नाही.

रक्तस्रावाचे मोजमाप घरी करता येत नाही, पण त्याच्या खुणा ओळखता येतात. दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, आठ दिवसांपलीकडे स्राव चालणे, जिना चढताना धाप लागणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के आणि महाराष्ट्रातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. परदेशातील सुबत्तेने हा प्रश्न आपोआप सुटत नाही. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो; त्यासाठी फेरिटिनची वेगळी चाचणी मागावी लागते.

उलट बाजूला पाळी दोन-दोन महिने न येणे. यामागे अनेकदा पीसीओएस असतो. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा जास्त प्रभाव आणि सोनोग्राफीत दिसणारी विशिष्ट रचना, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असल्या तर प्रौढ स्त्रीत निदान होते. नावात ‘सिस्ट’ असले तरी त्या गाठी नसून वाढ अर्धवट राहिलेली बीजे असतात, आणि मूळ दुखणे बहुधा इन्शुलिनशी निगडित असते. दक्षिण आशियाई शरीरावर ते कमी वजनातही दिसते, म्हणून ब्रिटनमध्ये या वंशाच्या लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर आखली आहे. लग्न झाले की सगळे ठीक होईल, हा सल्ला इथे विशेष घातक ठरतो. पाळी दीर्घकाळ लांबत राहिली तर गर्भाशयाचे अस्तर वाढत जाते आणि वर्षांनंतर कर्करोगाचा धोका वाढतो. गरोदरपणातला मधुमेहही अशा स्त्रियांत अधिक दिसतो. तो बाळंतपणानंतर मावळला तरी रक्तातील साखर काही आठवड्यांनी आणि त्यानंतर ठरावीक काळाने तपासत राहावी लागते. बाळाच्या गडबडीत नेमकी हीच तपासणी राहून जाते.

मराठी समाजात या विषयावर कोणी बोललेच नाही, असे मात्र नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली पेनसिल्व्हेनियातून वैद्यकीय पदवी घेतली तेव्हा त्यांचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावर होता. स्वतःचे पहिले मूल त्यांनी दहाव्या दिवशी गमावले होते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांच्या वाट्याला खटले आले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत तर जगाला महाराष्ट्राचे ऋण मानावे लागते. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. गावांचे ५२ गट पाडून एचपीव्ही चाचणी, पॅप तपासणी, नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी आणि नेहमीची सेवा यांची तुलना केली गेली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे नैतिक होते का, हा वाद नंतर गाजला आणि तो गाजायलाच हवा होता. आज इंग्लंडमध्ये २५ ते ६४ वयाच्या स्त्रियांना तपासणीचे जे पत्र घरी येते, त्यात प्रथम हीच चाचणी होते. ते पत्र बाजूला ठेवून देणाऱ्या मराठी स्त्रीला त्यामागचा पुरावा आपल्याच मुलखातून आला आहे याची कल्पना नसते. लस घेतली असली तरी तपासणी चुकवू नये. लस विषाणूच्या सर्व प्रकारांना अडवत नाही.

त्याच मराठवाड्यातून दुसरी, काळी बाजूही समोर आली. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीमुळे खाडा पडला तर मजुरी कापली जाते, कर्करोग होईल अशी भीती घातली जाते, आणि तिशीतच शस्त्रक्रिया होते. शहरी मध्यमवर्गातही पिशवी हा एकदा काढून टाकण्याचा अवयव समजला गेला. वस्तुतः जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, संप्रेरक सोडणारी तांबी आहे, फायब्रॉइडच्या गाठी तेवढ्याच काढता येतात. बीजांडकोशही काढले तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते. पंचेचाळिशीच्या आत असे झाल्यास हाडांची झीज आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. अशा स्त्रियांना, विरोधी कारण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके देण्याची शिफारस आहे.

ते नैसर्गिक वयही सर्वत्र सारखे नाही. ब्रिटन-अमेरिकेत सरासरी ५१, भारतीय स्त्रियांत साधारण ४६-४७. बदल त्याआधी काही वर्षे सुरू होतात. म्हणजे चाळिशीच्या सुरुवातीला, नोकरीत जबाबदारीचे पद हाती आलेले असताना, झोप उडणे, सांधे धरणे, शब्द न आठवणे, चिडचीड अशी लक्षणे उमटू शकतात. गरम वाफा हे एकच लक्षण शोधणाऱ्या डॉक्टरला ती ताणतणावाची वाटतात. संप्रेरक उपचारांविषयीची भीती मुख्यतः २००२ च्या अमेरिकी अभ्यासातून पसरली, पण त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत किंवा पाळी थांबल्यापासून दहा वर्षांत उपचार सुरू करणाऱ्या निरोगी स्त्रीला त्रास होत असेल तर सहसा लाभाचे पारडे जड असते. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या स्त्रीचा हिशोब वेगळा.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. त्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी तो पाळीचा नसतो. बहुतेक वेळा कारण साधे निघते, मात्र साधारण दहांत एकीला गर्भाशयाचा कर्करोग असू शकतो, आणि तो या टप्प्यावर सापडला तर बहुधा बरा होतो. मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने आलेली आई हा डाग लपवते. विम्यात बसणार नाही, खर्च होईल, परत गेल्यावर बघू, असे म्हणते. सोनोग्राफी आणि अस्तराचा लहानसा तुकडा तपासणे हे काम परतीच्या तिकिटापर्यंत लांबवण्याजोगे नाही.