सुझुकी : हातमागापासून मोटारगाडीपर्यंत

भारतीय मध्यमवर्गाला मोटारगाडीचे पहिले सुख देणारी सुझुकी ही जपानी कंपनी मुळात मोटारी बनविण्यासाठी स्थापन झालेली नव्हती. जपानच्या शिझुओका प्रांतातील हामामात्सू हा परिसर कापड विणण्यासाठी प्रसिद्ध होता. तेथील एका शेतकरी कुटुंबात 1887 मध्ये जन्मलेले मिचिओ सुझुकी सुतारकाम शिकले आणि 1909 मध्ये त्यांनी हातमाग बनविण्याचा कारखाना काढला. 1920 मध्ये त्याचे कंपनीत रूपांतर झाले.

एकाच मालावर आयुष्यभर विसंबून राहता येणार नाही, हे मिचिओंनी वेळीच ओळखले होते. 1937 मध्ये त्यांनी छोट्या मोटारीच्या निर्मितीचे प्रयोग आरंभिले. तथापि युद्धकाळात प्रवासी मोटारी अनावश्यक ठरविण्यात आल्या आणि हे काम थांबले. युद्धानंतर मागांना पुन्हा मागणी आली खरी, परंतु 1951 मध्ये कापसाचा बाजार कोसळला आणि कंपनीसमोर अस्तित्वाचा प्रश्न उभा ठाकला.

या संकटातून वाट काढली ती सायकलला बसविण्याच्या 36 सीसीच्या इंजिनाने. ‘पॉवर फ्री’ नावाचे हे वाहन 1952 मध्ये बाजारात आले. पायडल मारत इंजिनाचे साहाय्य घ्यावे, केवळ इंजिनावर जावे किंवा इंजिन बंद ठेवून नुसती सायकल चालवावी, अशी तिन्ही प्रकारची सोय त्यात होती. 1954 मध्ये कंपनीने ‘सुझुकी मोटर’ हे नाव धारण केले आणि 1955 मध्ये ‘सुझुलाइट’ ही पहिली मोटार आणली. जपान सरकारने अल्प करांच्या सवलतीसाठी ठरविलेल्या ‘केई’ या छोट्या गाड्यांच्या वर्गातील ही मोटार पुढच्या चाकांच्या बळावर चाले. त्या काळी हे तंत्र विरळाच होते.

पुढे कंपनीची धुरा घराण्याचे जावई ओसामू सुझुकी यांच्याकडे आली. जपानी प्रथेनुसार त्यांनी सासरचे आडनाव स्वीकारले होते. 1978 मध्ये ते अध्यक्ष झाले आणि पुढील वर्षी स्वस्त ‘अल्टो’ने बाजारात जम बसविला. 1982 मध्ये त्यांनी भारत सरकारच्या मारुती उद्योगाशी करार केला. त्या वेळी सुझुकीचा वाटा 26 टक्के होता. 14 डिसेंबर 1983 रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या ‘मारुती 800’ची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली. 2002 मध्ये कंपनीची सूत्रे सुझुकीकडे गेली आणि 2007 पासून ती ‘मारुती सुझुकी’ या नावाने ओळखली जाते. 25 डिसेंबर 2024 रोजी ओसामू यांचे निधन झाले. भारताने 2025 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले.

गोमंतकाचा जपानी उद्योगाशी संबंध मात्र मारुतीहून जुना आहे. पोर्तुगीज राजवटीतच, 1950च्या दशकात, येथील लोहखनिज जपानी पोलाद कारखान्यांकडे जाऊ लागले होते. डिचोली तालुक्यातील खाणींचा माल बार्जमधून मांडवीमार्गे मुरगाव बंदरात पोहोचे आणि तेथून जहाजे पूर्वेकडे निघत. ज्या पोलादावर युद्धोत्तर जपानचे कारखाने व मोटारी उभ्या राहिल्या, त्याच्या कच्च्या मालात गोव्याच्या मातीचाही वाटा होता.

मोटार होऊन परतलेल्या या उद्योगाने गोव्यात रोजगारही दिला. 1984 मध्ये आलेली मारुती व्हॅन, म्हणजेच पुढची ‘ओम्नी’, अरुंद गावरस्त्यांवर सहज वळे. बाजूला सरकणारे दार आणि मोकळी मागची बाजू यांमुळे पर्यटक टॅक्सी म्हणून ती येथे रुळली. 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले, पण टॅक्सी व्यवसाय वाढतच गेला. जानेवारी 2023 मध्ये मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यातील अनेक घरांचे लक्ष याच व्यवसायाकडे लागले आहे.

डिचोलीने दुसरी बाजू अनुभवली. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रक, बार्ज, गॅरेज आणि खानावळी यांवर जगणारी कुटुंबे एकाच वेळी अडचणीत आली. लिलावानंतर 2024 मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले असले, तरी मधल्या वर्षांत गेलेली मिळकत परत येणारी नव्हती. हामामात्सूच्या कारखान्यापाशी मागांची मागणी ओसरली तेव्हा यंत्रे घडविणारे कारागीर होते आणि त्याच कौशल्यावर त्याने नवा माल उभा केला. खाण आणि टॅक्सी यांवर भिस्त असलेल्या डिचोली-पेडण्याच्या तरुणांच्या हाती असे दुसरे कोणते कौशल्य द्यायचे, हा प्रश्न खाणी चालू असतानाच विचारात घेण्याजोगा आहे.