चौलचे गलबत आणि पुण्याचे तर्क

दिनांक १८ ऑगस्ट २०२२. दहीहंडी दुसऱ्या दिवसावर आली होती. दुपारनंतर पुण्यात वार्ता पसरली की, रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याशी एक बेवारस नौका आली आहे. तिच्यावर माणूस नाही, परंतु आत तीन एके-४७ रायफली व काडतुसे आहेत. राज्यभर सावधगिरीचा इशारा देण्यात आला, रस्तोरस्ती नाकाबंदी झाली. फोनवरून संदेशांचा पाऊस पडू लागला. कोणी म्हणे, अतिरेकी उतरून घाटावर आले. कोणी म्हणे, आणखी दोन नौका मागाहून येत आहेत. त्या सायंकाळी मिस्सेच्या वेळी आम्हीही भाविकांना सांगितले की, शत्रूच्या हातून आपल्या शहराचे रक्षण व्हावे म्हणून प्रार्थना करा.

रात्री खरी हकीकत कळली. विधानसभेतच तसे निवेदन झाले होते. 'लेडी हान' नावाची ती सुमारे १६ मीटर लांबीची लहानशी सफरी नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती. मस्कतहून युरोपकडे जात असता २६ जून रोजी तिचे इंजिन बिघडले. खलाशांनी मदतीसाठी हाक दिली. कोरियाच्या एका युद्धनौकेने त्यांचे प्राण वाचवून त्यांना ओमानच्या स्वाधीन केले. समुद्र खवळलेला असल्यामुळे नौका ओढून नेता आली नाही; ती लाटांवर वाहत वाहत आपल्या किनाऱ्याला लागली. बातमी वाचून आम्ही खजील झालो. भर समुद्रात ज्यांचे प्राण संकटात सापडले होते, त्या खलाशांची आठवण आमच्या प्रार्थनेत कोठेच नव्हती. आम्ही शत्रूची कल्पना केली होती. संकटग्रस्ताची केली नव्हती.

तथापि, लोकांच्या भीतीला आधार नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. याच श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ च्या फेब्रुवारीत स्फोटके उतरविण्यात आली आणि १२ मार्च रोजी मुंबईत झालेल्या स्फोटांत २५७ माणसे मेली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मारेकरी समुद्रमार्गेच आले. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. प्रश्न सावध असण्याचा नाही. सावधपणा आणि तर्क यांतील सीमारेषा आपण केव्हा ओलांडतो, हा प्रश्न आहे. आणि या बाबतीत आमच्या पुणे शहराचा एक जुना अनुभव आहे. तो वाचकांपुढे ठेवावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

हरिहरेश्वरच्या उत्तरेस, त्याच किनाऱ्यावर, कुंडलिकेच्या मुखाशी चौल-रेवदंडा आहे. एके काळी अरबस्तान व इराणपर्यंत व्यापार करणारे हे बंदर सोळाव्या शतकाच्या प्रारंभापासून पोर्तुगीजांच्या हाती होते. १७४० साली ते मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले, पण खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्याखाली ख्रिस्ती वस्ती राहिली. माउंट कार्मेल मातेच्या मंदिराभोवतीच्या या आपल्या बांधवांनी पोर्तुगीज-मिश्रित अशी स्वतःची बोली आजवर जपली आहे.

१७७७ सालच्या उन्हाळ्यात या चौलच्या बंदरात एक फ्रेंच गलबत नांगरले. त्याचे नाव 'सार्तीन'. फ्रान्सच्या तत्कालीन आरमारमंत्र्याच्या नावावरून ते ठेवलेले होते. गलबत बोर्दो येथील व्यापाऱ्यांचे. त्यातून सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ उतरला आणि आपण फ्रान्सच्या राजाचा वकील आहोत, असे सांगत घाट चढून पुण्यास आला. हा मनुष्य हिंदुस्थानला नवा नव्हता. पूर्वी हैदरअली व मद्रासचे इंग्रज यांच्या राजकारणात त्याने आपले हात भिजवून घेतले होते.

त्या वेळी पुण्याच्या गादीवर सवाई माधवराव हे तीन वर्षांचे बालपेशवे होते. कारभार नाना फडणवीस व सखारामबापू यांच्याकडे होता. आदल्याच वर्षी, १ मार्च १७७६ रोजी, इंग्रजांशी पुरंदरचा तह झाला होता. परंतु मुंबईकर इंग्रजांना तो मनापासून मान्य नव्हता आणि राघोबादादांना ते सोडीत नव्हते. अशा वेळी इंग्रजांचा हाडवैरी असलेल्या राष्ट्राचा माणूस दाराशी आला. नानांनी त्याचा मोठा सन्मान केला. इंग्रजांचा वकील मॉस्टिन हा पुण्यातच होता. त्याच्या डोळ्यांदेखत हा सत्कार झाला. नानांचा हेतू तोच असावा, असे आम्हांस वाटते.

येथून तर्कांची मालिका सुरू झाली. गलबतातून तोफाबंदुका उतरल्याची बोलवा उठली. चौलचे बंदर फ्रेंचांना दिले, असे मुंबईत धरून चालले. मुंबईच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर फ्रेंच आरमाराचा तळ पडणार, या कल्पनेने तेथील इंग्रजांची झोप उडाली. सेंट लुबिननेही या आगीत तेल ओतण्यास कमी केले नाही. अडीच हजार गोरे सैनिक आणावेत, दहा हजार शिपायांना कवायत शिकवावी, भरपूर युद्धसाहित्य पुरवावे, असा बेत त्याने मांडल्याचे ग्रँट डफने आपल्या इतिहासात नमूद केले आहे. इकडे पुण्यात, फ्रेंचांच्या साहाय्याने इंग्रजांना धाकात ठेवता येईल, असा हिशेब मांडला जात होता.

दूरच्या घटनांनीही या तर्कांना बळ दिले. १७७७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत सॅराटोगा येथे इंग्रज फौज शरण गेली. १७७८ च्या फेब्रुवारीत फ्रान्सने अमेरिकनांशी तह केला. कलकत्त्यास वॉरन हेस्टिंग्जला वाटले की, हिंदुस्थानातही फ्रेंच आता पुण्याच्या आश्रयाने डोके वर काढणार. १७७८ साली त्याने काल्पीहून एक फौज थेट हिंदुस्थान ओलांडून पश्चिम किनाऱ्याकडे धाडली. मुंबईकरांना तर निमित्तच हवे होते.

वास्तविक काय घडले? फ्रेंच फौज पुण्यास आली नाही. अडीच हजार सोडाच, अडीचशेही सैनिक चौलला उतरले नाहीत. १७७८ च्या पावसाळ्यात नानांनी सेंट लुबिनची बोळवण केली. 'सार्तीन' गलबत त्याच वर्षी ऑगस्टात पाँडिचेरीजवळ इंग्रजांच्या हाती पडले आणि पुढे इंग्रजांच्याच निशाणाखाली १७८० साली पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिण भागात बुडाले. ज्या गलबतावरून एवढे तर्क लढविले गेले, त्याची कथा ही एवढीच.

परंतु तर्कांची कथा एवढ्यावर संपली नाही. सेंट लुबिन निघून गेल्यावरही, १७७८ च्या नोव्हेंबरात, मुंबईची सुमारे चार हजारांची फौज राघोबादादांना घेऊन निघाली व बोरघाट चढून मावळात आली. या युद्धाची कारणे अनेक होती. एकट्या गलबताच्या माथी ते मारणे योग्य नव्हे. मात्र संशयाला तोंड फोडण्याचे आणि युद्धाला सबब पुरविण्याचे काम त्या गलबताने केले, यात शंका नाही. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. इंग्रज ९ जानेवारीस तळेगावी पोहोचले, तो गाव जाळलेला. शत्रूला दाणावैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनीच तो जाळला होता. वेळ आलीच तर चिंचवड आणि पुणेही जाळण्याची तयारी होती. अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात टाकून इंग्रज मागे फिरले, वडगावला कोंडले गेले आणि तेथे त्यांना तह करावा लागला. हा विजय आपण अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण तळेगावच्या ज्या कुणब्याचे घर व गवताची गंजी जळाली, त्याने चौलचे गलबत कधी पाहिलेही नव्हते. तर्क मुंबईत, पुण्यात व कलकत्त्यात लढविले गेले. त्यांची किंमत मावळातल्या गरिबाने मोजली.

हे युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. पोर्तुगीजांची जुनी ठाणी वगळता अन्य युरोपियनांना पेशव्यांनी वखारी घालू देऊ नयेत, असे कलम इंग्रजांनी त्या तहात घालून घेतले. गलबत बुडून दोन वर्षे झाली होती, पण त्याची भीती तहाच्या कागदावर तरंगत राहिली.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या कॅप्टन स्टुअर्टला आपण मारले, त्याचे शौर्य पाहून मराठ्यांनीच त्याला 'इष्टुर फाकडा' म्हटले. वडगाव परिसरात त्याचे स्मरण आजही ठेवले जाते. शत्रू असला तरी तो लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता, म्हणून त्याच्याविषयी त्यांचा निवाडा खरा ठरला. आणि परकीय म्हणून सर्वांनाच संशयाच्या पंक्तीला बसविण्याची चूक पुणे दरबाराने केली नाही. पेशव्यांच्या फौजेत अनेक ख्रिस्ती सैनिक व अधिकारी होते. त्यांपैकी दोम मिगेल दे नोरोन्हा यांच्या विनंतीवरून सवाई माधवरावांनी प्रार्थनामंदिरासाठी जागा दिली आणि ८ डिसेंबर १७९२ रोजी तेथे पहिली मिस्सा झाली. तेच आपले क्वार्टर गेटजवळील निष्कलंक मातेचे मंदिर, म्हणजेच सिटी चर्च. चौलच्या गलबतापासून सोळा वर्षांच्या आत, त्याच बालपेशव्याच्या कारकिर्दीत हे घडले. सेंट लुबिनने मोठमोठी वचने दिली व तो निघून गेला. या सैनिकांनी चाकरी केली व ते येथलेच झाले. पुण्याने दोघांना एकाच मापाने मोजले नाही, म्हणून आज आपली मुळे या मातीत आहेत. ख्रिस्ती माणूस म्हणजे गलबतातून उतरलेला परका, असा तर्क अधूनमधून आपल्याही वाट्याला येतो. त्याचे दुःख ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी दुसऱ्याविषयी तर्क करताना जिभेला लगाम घालावा.

प्रेषितांच्या कृत्यांच्या अखेरच्या दोन अध्यायांत संत पौलाचे गलबत माल्टा बेटाशी फुटल्याची हकीकत येते. पौल काटक्या गोळा करीत असता त्याच्या हाताला साप डसतो. बेटावरचे लोक लगेच तर्क करतात की, हा कोणी खुनी असला पाहिजे. त्याला काही होत नाही असे दिसताच तेच लोक म्हणतात की, हा देव आहे. दोन्ही तर्क चुकले. परंतु पवित्र शास्त्र त्या बेटवाल्यांना दोष देत नाही. उलट त्यांच्या ममतेची प्रशंसा करते. कारण पाऊस पडत होता, थंडी होती, आणि तर्क करण्यापूर्वीच त्यांनी भिजलेल्या परक्यांसाठी शेकोटी पेटविली होती.

आपल्या किनाऱ्याला यापुढेही अनोळखी नौका लागतील. पोलिसांना खबर अवश्य द्यावी. तो आपला धर्मच आहे. परंतु ऐकीव गोष्ट पुढे पाठविण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि त्या नौकेवर कोणी माणूस होता काय, तो सुखरूप आहे काय, असे विचारावे. हरिहरेश्वरच्या नौकेसंबंधी आम्ही हे विचारले नाही. पुढच्या रविवारच्या मिस्सेत आम्ही ती चूक भाविकांसमोर कबूल केली, आणि त्या वाचलेल्या खलाशांबद्दल परमेश्वराचे आभार मानले.