भूशिर की टोक?

शाळेच्या भूगोलातल्या दोन व्याख्या मुलं वर्षानुवर्षं घोकत आली आहेत. तिन्ही बाजूंनी पाणी असलेला भूभाग म्हणजे द्वीपकल्प, आणि समुद्रात शिरलेलं जमिनीचं टोक म्हणजे भूशिर. मी स्वतः घोकल्या आणि पुढे नोकरीभर मुलांकडून घोकून घेतल्या. गंमत बघा, भूशिराचा अर्थ सांगायला ‘टोक’ हा शब्द लागतोच. पण परीक्षेत उत्तर म्हणून ‘टोक’ लिहिलं तर चालत नाही.

किनाऱ्यावरच्या शाळेत होते तेव्हा मासेमारी करणाऱ्या घरातल्या एका मुलाने हेच केलं. नकाशातल्या बाणापुढे त्याने ‘टोक’ लिहिलं आणि बाहेरच्या शाळेतल्या तपासनिसांनी गुण कापला. पोरगा पेपर घेऊन माझ्याकडे आला. “बाई, बोटीतून परत येताना आधी टोक दिसतं, मग गाव. मग मी चूक काय लिहिलं?” पुस्तकातला शब्द लिहायचा असतो, हे त्याला सांगितलं. त्याने मान हलवली खरी, पण पटलं नव्हतं. मलाही तो प्रश्न पुढे बरीच वर्षं पुरला. त्या नादात जे वाचलं, ते आज लिहिते आहे.

आपली भूगोलाची परिभाषा बरीचशी एकोणिसाव्या शतकात घडली. इंग्रजी विद्या मराठीत आणायची होती आणि पुस्तकं मराठीत लिहायची होती. ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांनी भूगोल, गणित, व्याकरण अशा विषयांवर मुलांसाठी लिहिलं. त्यांचा जन्म पोंभुर्ल्याचा, म्हणजे देवगड तालुक्यातला. जिथे सडे थेट समुद्रात घुसलेले आहेत, असा तो मुलूख. त्या पिढीला नवा शब्द हवा असला की हात आपसूक संस्कृतकडे जायचा. त्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. कित्येक शब्द तर फार नेटके झाले आहेत.

‘द्वीपकल्प’च घ्या. यातला ‘कल्प’ म्हणजे कल्पना नव्हे. थोडीशी उणीव राहिली आहे, जवळजवळ तसंच आहे, अशा अर्थी हा प्रत्यय पाणिनीने सांगितला आहे. मृतकल्प म्हणजे मेल्यातच जमा, तसं द्वीपकल्प म्हणजे बेटातच जमा. लॅटिनमध्येही ‘जवळजवळ’ आणि ‘बेट’ हे दोन शब्द जोडूनच ‘पेनिन्सुला’ झाला. हिंदीने ‘प्रायद्वीप’ केला, तो आपल्या ‘मृतप्राय’च्या वळणाचा. उर्दूत ‘जज़ीरानुमा’, म्हणजे बेटासारखा दिसणारा. जज़ीरा म्हणजे बेट, आणि त्याच अरबी शब्दाचा आपण जंजिरा केला.

‘द्वीप’ची फोडही मजेदार आहे. द्वि आणि अप्, म्हणजे दोन बाजूंना पाणी. अमरकोशात त्याच्याच जोडीला ‘अंतरीप’ दिला आहे, अर्थ तोच, बेट. हिंदीने पुढे हा अंतरीप उचलला आणि भूशिराला लावला. म्हणजे एकच संस्कृत शब्द अमरकोशात बेट आहे आणि हिंदीच्या वर्गात भूशिर. शब्दांनाही किनारा सोडून जायची खोड असते.

बेट आणि बेटकल्प यांतलं अंतर किती थोडं असतं, ते विजयदुर्गला कळतं. हा किल्ला एका टोकावर आहे. तीन बाजूंना पाणी होतंच, चौथ्या बाजूला खंदक होता. खंदक भरलेला असला की द्वीप, बुजवून रस्ता केला की द्वीपकल्प. मराठी कागदपत्रांत ‘जंजिरे विजयदुर्ग’ असा उल्लेख येतो, तो उगीच नाही. आंग्र्यांच्या आरमाराचं हे बळकट ठाणं. कान्होजी 1729 साली गेले. पुढे तुळाजींच्या वेळी, 1756 च्या फेब्रुवारीत, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी ते घेतलं, आणि तेही समुद्राकडून आगीचा मारा करून.

आता भूशिर. जमिनीचं डोकं. ही कल्पना आपली एकट्याची नाही. इंग्रजी ‘केप’ आणि पोर्तुगीज ‘काबो’ हे दोन्ही ज्या लॅटिन शब्दातून आले त्याचा अर्थ डोकं. अरबी ‘रास’ म्हणजेही डोकं. आमच्या नात्यातले दुबईवाले रास अल खैमाला जाऊन येतात, ते तंबूचं डोकं. तुर्कीत भूशिराला ‘बुरुन’ म्हणतात, म्हणजे नाक. नॉर्वेकडच्या गावांच्या शेवटी जो ‘नेस’ येतो तोही नाकाच्याच कुळातला.

डोकं काय, नाक काय, हे दिसतं कुणाला? जो समोरून येतो त्याला. आपल्याला आपलं नाक धड दिसत नाही, समोरच्याला मात्र आधी तेच दिसतं. हे शब्द दर्यावर्दी लोकांचे आहेत. क्षितिजावर अनोळखी जमीन वर येते तेव्हा तिचं पहिलं डोकंच दिसतं. गोव्यात दोना पावलाजवळच्या टोकाला पोर्तुगीजांनी काबो म्हटलं, तिथल्या देवळातली माताही ‘भूशिराची माता’ झाली. खाली काणकोणात तर काबो द रामा, पोर्तुगीज डोकं आणि आपला राम! वनवासात राम-सीता तिथे राहिली होती असं लोक सांगतात. आग्वाद हे नावही जहाजातूनच आलेलं. तिथे झऱ्याचं गोडं पाणी भरून घेता येई, म्हणून आग्वाद.

जमिनीवरून चालत आलेल्या माणसाला डोकं दिसत नाही, त्याला शेवट दिसतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला ‘लँड्स एंड’ म्हणतात. स्पेनमध्ये फिनिस्तेरे आहे, अर्थ तोच, जमिनीचा अंत. तमिळमध्ये ‘मुनै’ म्हणजे टोक, म्हणून कन्याकुमारीचं टोक ते कुमरिमुनै. रामेश्वरच्या पुढचं धनुष्कोडी हे मुळात धनुष्कोटी. कोटी म्हणजे धनुष्याचं टोक. 1964 च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळाने ते गाव उद्ध्वस्त केलं, नाव मात्र टिकलं. मला हे नाव कोणत्याही भूशिरापेक्षा सुंदर वाटतं.

सगळा देश सांगायला आपण पूर्वी ‘आसेतुहिमाचल’ म्हणत होतो, अजूनही भाषणात म्हणतो. यात दक्षिणेची हद्द सेतू आहे, कन्याकुमारी नाही. नकाशात कन्याकुमारी सेतूच्या बरीच खाली. टॉलेमीच्या भूगोलात मात्र कुमारीचं टोक आहे, कारण त्याच्यापर्यंत आलेली माहिती जहाजांच्या वाटेने आलेली होती. यात्रेकरूने सेतू धरला, नाखव्याने भूशिर. ‘काश्मीर ते कन्याकुमारी’ हे अलीकडचं, नकाशा भिंतीवर लागल्यानंतरचं.

आपली मराठी अशा पुढे आलेल्या जमिनीला नावं द्यायला कमी पडते असं कुणी समजू नये. सह्याद्रीत जाऊन बघा. डोंगराची सोंड, दांडा, धार, माची, सुळका, कडा. नाणेघाटातला नानाचा अंगठा. खंडाळ्याच्या ज्या सुळक्यात इंग्रजांना ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं, त्यात आपल्याला नागाची फणी दिसली होती. डोंगरातले हे शब्द बखरींत, पोवाड्यांत आणि पुढे गिर्यारोहकांच्या वह्यांत आले. समुद्राकडचे शब्द त्या मानाने कागदावर कमी आले, कारण लिहिणारे बहुतेक घाटावरचे किंवा आगरातले, दर्यावर जाणारे नव्हेत. मला खरी खंत आहे ती याची. तो कापलेला एक गुण मला त्याच हिशेबातला वाटतो.

टोकाचं टोकपण पायांना कळतं ते हरिहरेश्वरला. देवळामागून पायऱ्या उतरून खडकांवरून डोंगराला प्रदक्षिणा घालतात. ती ओहोटीलाच घालायची. भरतीला आणि पावसाळ्यात तिकडे फिरकू नये, लाटा फार बेभरवशाच्या असतात. खडक खाऊन खाऊन जाळीदार झाला आहे. असं का होतं, ते वर्गात फळ्यावर काढून दाखवायची माझी हौस होती. किनाऱ्याशी पाणी उथळ होतं तशी लाट वळते आणि पुढे आलेल्या टोकावर दोन्ही बाजूंनी येऊन आदळते. आतल्या बाकात तिचा जोर पसरून जातो, म्हणून तिथे पुळण साठते. मार टोकाने खायचा आणि वाळूत खेळायचं बाकाने! खडक कठीण असतो म्हणून टोक इतकं तरी तग धरतं.

आणि मुंबईत? तिथे पॉइंट. नरिमन पॉइंट तर समुद्रात भर घालून केलेली जमीन. महाबळेश्वरलाही पॉइंटच, तिथे समुद्र नाही तरी. असो.

त्या मुलाकडे परत येते. तोही बोटीतूनच बघत होता, पोर्तुगीज खलाशांसारखा. तरी त्याला डोकं दिसलं नाही, टोक दिसलं. खलाशी परक्या मुलखाकडे निघालेला, हा घराकडे. त्यांच्यात एकेका टोकाला एकेक नाव असतं, कुठे देवीच्या देवळावरून, कुठे बत्तीवरून, कुठे नुसत्या एका खडपावरून. सगळ्यांना मिळून एक शब्द त्यांना लागतच नाही. तो लागतो आम्हा मास्तर लोकांना.

गुहागर, देवगड, मालवणकडच्या मंडळींनो आणि नातलगांनो, तुमच्या गावच्या टोकाला म्हातारी माणसं काय म्हणतात ते विचारून मला नक्की कळवा. शब्द जसा बोलतात तसाच लिहा, शुद्ध करून पाठवू नका.