ट्युनिशियन क्रोशे आणि ट्युनिसची लाल टोपी

ट्युनिशियन क्रोशे नव्याने शिकणाऱ्याला बहुधा कपाखाली ठेवायचा चौकोनी कोस्टर करायला सांगितले जाते, आणि त्या थोड्याशा दोऱ्याच्या कामात या पद्धतीची सगळी रचना येऊन जाते. नेहमीच्या क्रोशात खांब असो वा मुका खांब, तो जागच्या जागी पुरा होतो आणि सुईवर एकच टाका उरतो. ट्युनिशियन क्रोशात मात्र जाणाऱ्या ओळीत प्रत्येक घरातून एकेक टाका उचलून सगळे टाके सुईवर साठवले जातात, आणि परतीच्या ओळीत काम न उलटता, दोन-दोन टाक्यांमधून दोरा ओढत ते एकामागून एक सोडवले जातात. जाताना दोन सुयांचे विणकाम आणि येताना क्रोशाची साखळी, असा हा संकर आहे. त्याला उत्तर आफ्रिकेतील एका देशाचे नाव का मिळाले, हा त्याच्या कुळातला सर्वांत गुंतागुंतीचा प्रश्न होय.

क्रोशाचा सर्वसाधारण इतिहास परिचित आहे: 1823 साली ‘पेनेलोपे’ या डच मासिकाने त्याचे नमुने छापले, 1840 च्या दशकात इंग्लंडमध्ये त्याची पुस्तके निघू लागली, आणि दुष्काळाच्या काळात आयर्लंडमध्ये क्रोशाची लेस हे पोट भरण्याचे साधन झाले. टाके सुईवर साठवण्याची पद्धत युरोपच्या बैठकीच्या खोल्यांत लोकप्रिय झाली ती 1850 च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि तिला एकाच वेळी अनेक नावे चिकटली. 25 जानेवारी 1858 रोजी व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीचा विवाह प्रशियाच्या फ्रेडरिक विल्यमशी झाला, तेव्हा त्या राजकन्येचे नाव या टाक्याला देण्यात आले. फ्रेंचांनी त्याला ‘त्रिको एकोसे’, म्हणजे स्कॉटलंडचे विणकाम, असेही म्हटले. अमेरिकेत तो ‘अफगाण टाका’ झाला. आणि फ्रेंच व जर्मन हस्तकला-साहित्यात ‘ट्युनिशियन’ हे नाव रुजले.

एकाच टाक्याचे माहेर तीन खंडांतल्या तीन देशांत असू शकत नाही, म्हणून यातले कोणतेही नाव उगमाचा पुरावा म्हणून स्वीकारणे धोक्याचे आहे. ही तिन्ही नावे एकाच रीतीने घडली असावीत, हे मात्र त्यांच्या शेजारी त्या-त्या देशाच्या नावाने युरोप-अमेरिकेत खपणारी वस्तू ठेवली की दिसू लागते. अमेरिकेतील उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. तिथे 1830 च्या दशकापासून लोकरी पांघरुणालाच ‘अफगाण’ म्हणत, पुढे ती पांघरुणे ज्या टाक्याने विणली जाऊ लागली तो अफगाण टाका ठरला, आणि या सगळ्या व्यवहारात काबूल-कंदाहारच्या कोणा विणकराचा हात लागला नाही. स्कॉटलंडच्या बाबतीत 1852 साली व्हिक्टोरिया राणीचा पती प्रिन्स अल्बर्ट याने तिथला बाल्मोरल किल्ला विकत घेतल्यानंतर चौकड्यांच्या शालींचे जे वेड पसरले, ते डोळ्यांसमोर आणणे पुरेसे आहे. मग ट्युनिसच्या नावामागे कोणती वस्तू उभी असेल? येथे मांडायचे उत्तर असे की ती वस्तू म्हणजे ‘शेशिया’, ट्युनिसची लाल लोकरी टोपी.

शेशियाचा प्रवास विलक्षण आहे. 1609 पासून स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या मोरिस्को लोकांनी, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांनी, हा धंदा ट्युनिसमध्ये वाढवला. टोपीचे काम गावोगाव वाटलेले असे. अरियानाच्या स्त्रिया पांढऱ्या लोकरीची भलीमोठी सैल टोपी सुयांवर विणत. अल बतान येथे मेजर्दा नदीकाठी ती पाण्यात घोटून आटवली जाई. अल आलियाच्या काटेरी बोंडांनी तिच्यावर लव काढली जाई. झगुआन येथे तिला लाल रंग चढे. आणि जैतुना मशिदीजवळच्या बाजारात ती विक्रीला येई. 1820 च्या दशकाच्या अखेरीस सुलतान महमूद दुसरा याने फेज टोपी ऑटोमन सैन्याच्या गणवेशात आणली, तेव्हा ट्युनिसच्या या मालाला फार मोठी मागणी आली. फ्रान्सने 1830 नंतर अल्जीरियात उभारलेल्या झुआव्ह पलटणींनी हीच टोपी डोक्यावर घेतली, क्रिमियाच्या युद्धात त्या पलटणींचे नाव सर्वत्र गाजले, आणि 1860 च्या आसपास युरोप-अमेरिकेच्या स्त्रिया झुआव्ह धाटणीची आखूड जाकिटे घालू लागल्या. त्याआधी, 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात, ट्युनिसचे स्वतंत्र दालन होतेच. नव्या टाक्याचे बारसे नेमके याच वर्षांत झाले, आणि हा काळाचा मेळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

या मताला दोन प्रतिस्पर्धी आहेत. पहिला पक्ष नावाचा संबंध फ्रेंच सत्तेशी लावतो. परंतु ट्युनिशिया फ्रान्सच्या संरक्षणाखाली आला तो 12 मे 1881 च्या बार्दो करारानंतर, आणि तेरेझ द दिलमाँ यांच्या 1886 च्या हस्तकला-विश्वकोशात ‘ट्युनिशियन क्रोशे’ हे नाव सर्वमान्य संज्ञेप्रमाणे, कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय येते. पाच वर्षांत एखादे नाव इतके मुरत नाही, त्यामुळे हा पक्ष टिकत नाही.

दुसरा पक्ष अधिक वजनदार आहे. त्याच्या मते टोकाला आकडा असलेल्या लांब सुयांवर विणण्याची रीत भूमध्य समुद्राभोवती जुनी असून, अशा एका सुईवरचे काम म्हणजेच ट्युनिशियन क्रोशे, तेव्हा नाव उगमाचीच आठवण सांगते. पोर्तुगालमध्ये आणि फ्रान्सच्या लांद प्रांतातील मेंढपाळांत आकड्याच्या सुया वापरात होत्या, हे खरे आहे. पण त्या विणकामात टाके एका सुईवरून दुसऱ्या सुईवर जातात. ते मागे साखळीने सोडवत आणण्याची कल्पना तिथे नाही. परतीची ओळ हा ज्या टाक्याचा प्राण आहे, त्याचा उगम परतीची ओळ नसलेल्या विणकामात शोधणे पटत नाही. हत्याराचे रूप तिथून आले असेल, तंत्र आलेले दिसत नाही.

टोपीच्या पक्षावरही एक आक्षेप घेतला पाहिजे. शेशिया आटवल्यावर आणि लव काढल्यावर तिचे टाके दिसेनासे होतात, मग लंडन-पॅरिसच्या स्त्रियांना त्या टोपीत कोणता टाका दिसला? याचे उत्तर असे देता येते की त्यांना टाका दिसण्याची गरजच नव्हती. ट्युनिशियन क्रोशाचे कापड नेहमीच्या क्रोशापेक्षा जाड आणि घट्ट होते, त्याची ऊब हाताला लगेच जाणवते, आणि याच कारणाने दिलमाँ ते गाडीतील पांघरुणांसाठी व मुलांच्या कपड्यांसाठी सुचवतात. साम्य होते ते दाट लोकरी पोताचे, आणि नाव चिकटायला तेवढे पुरते.

हाच दाटपणा कोस्टरला उपयोगी पडतो, कारण गरम कपाची धग आणि सांडलेला थेंब जाळीदार क्रोशे अडवू शकत नाही. मध्यम जाडीचा सुती दोरा आणि 6 मिलिमीटरची सुई घेऊन सुमारे 16 साखळ्या घातल्या की साधारण 10 सेंटिमीटरची रुंदी मिळते. पहिल्या ओळीत साखळीच्या मागच्या उंचवट्यांतून टाके उचलायचे, परत येताना आधी एका टाक्यातून आणि मग दोन-दोन टाक्यांतून दोरा ओढायचा. पुढच्या ओळींत समोर दिसणाऱ्या उभ्या दांड्यांमागून सुई घालून टाके उचलायचे, काठावरचा शेवटचा टाका न विसरता. चौकोन पुरा झाल्यावर प्रत्येक दांड्यातून टाका ओढून तो थेट सुईवरच्या टाक्यातून काढत ओळ बंद करायची.

नवशिक्याला खरा त्रास होतो तो कापड गुंडाळले जाण्याचा. टाके समोरच्या दांड्यांतून उचलले जातात आणि परतीची साखळी मागे ढकलली जाते, त्यामुळे कापडाची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा ताणली जाते आणि खालचा काठ पुढे वळतो. दोऱ्याला साजेशा सुईपेक्षा एक-दोन क्रमांक मोठी सुई घेणे, परतीची ओळ सैल ठेवणे आणि तयार चौकोन ओला करून टाचण्यांनी ताणून वाळवणे, या तीन उपायांनी तो सपाट होतो. दिलमाँ यांनी सांगितलेली, सर्वत्र सारख्या जाडीची आणि टाके निसटू नयेत म्हणून शेवटी गोळी बसवलेली लांब सुई पांघरुणासाठी अटळ आहे. 16 टाक्यांना मात्र घरातली साधी क्रोशाची सुई पुरते, फक्त तिच्या दांड्याला मध्येच फुगीर मूठ नसावी.