माणकाचा रंग आणि व्यापाऱ्याचा शब्द

रत्नांचा व्यवसाय हा माझा नव्हे. गेली चाळीस वर्षे चिंचवडच्या बाजारपेठेत कापडाच्या गादीवर बसणारा मी एक सामान्य व्यापारी आहे. तरीही या स्मरणिकेसाठी माणकाविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याला कारण आमच्या घरात घडलेला एक प्रसंग.

१९८६ साली धाकट्या भगिनीचा विवाह ठरला. आजीची माणकाची अंगठी तिला द्यावी, असे सर्वांनुमते ठरले. अंगठी उजळण्यासाठी नेली असता पारखी म्हणाले, "शेठजी, हे माणिक नव्हे. ही लालडी आहे." घरात एकच खळबळ उडाली. ज्या सराफाने ती अंगठी घडविली होती ते केव्हाच कालवश झाले होते, परंतु त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी नको ते शब्द आमच्या घरात उच्चारले गेले. त्या दिवसापासून माणिक म्हणजे नेमके काय आणि त्याचा रंग कसा ओळखावा, या जिज्ञासेने माझ्या मनात घर केले.

आपल्या पूर्वजांनी माणकाचा रंग अंकांनी नव्हे, उपमांनी मोजला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सौगंधिक, पद्मराग, अनवद्यराग, पारिजातपुष्पक आणि बालसूर्यक असे पाच प्रकार दिले आहेत. गरुडपुराणात दुपारीचे फूल, गुंज, इंद्रगोप किडा, जास्वंद, रक्त, डाळिंबाचे दाणे आणि पळसाचे फूल यांच्याशी माणकाच्या लालीची तुलना केली आहे. चकोर, कोकीळ आणि सारस यांच्या डोळ्यांची उपमाही तेथे येते. या यादीत लाखेचा रस आणि कुसुंबा पाहून मला विशेष आनंद झाला. हे दोन्ही तर आम्हा कापडवाल्यांचे रंग! कुसुंबा म्हणजे आपल्या शेतातील करडईच्या फुलांचा रंग. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने रत्नांवर अरबी भाषेत ग्रंथ लिहिला. त्यातही उत्तम माणकाला 'रुम्मानी' म्हणजे डाळिंबी आणि 'बहरमानी' म्हणजे कुसुंबी अशीच नावे आढळतात. आमच्या दुकानात आजही भगिनी डाळिंबी आणि कुसुंबी साडी मागतात. रत्नपारखी आणि वस्त्रव्यापारी यांनी रंगाचे शब्द एकाच बागेतून खुडले, असे म्हणावेसे वाटते.

या विषयातील एक अत्यंत मोलाचा ग्रंथ एका जैन श्रावकाने लिहिला आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचे नाव ठक्कुर फेरू. ते श्रीमाळ ज्ञातीचे, हरियाणातील कन्नाणा गावचे रहिवासी. दिल्लीच्या अल्लाउद्दीन खिलजीच्या पदरी ते अधिकारी होते. विक्रम संवत १३७२, म्हणजे इ. स. १३१५ मध्ये, त्यांनी आपला पुत्र हेमपाल याच्यासाठी प्राकृत भाषेत 'रत्नपरीक्षा' रचली. सुलतानाचा रत्नांचा खजिना आपण प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला आहे, असे ते सांगतात.

त्या खजिन्याशी महाराष्ट्राचे दुःखद नाते आहे. १२९६ साली याच अल्लाउद्दीनाने देवगिरीवर स्वारी करून रामचंद्रदेव यादवाकडून अपार संपत्ती नेली. तीनशे वर्षांनंतर लिहिणाऱ्या फेरिश्ताने ६०० मण सोने, ७ मण मोती, हिरे-माणके-पाचू-नीलम मिळून २ मण रत्ने, १००० मण चांदी आणि ४००० रेशमी वस्त्रे असे आकडे दिले आहेत. त्यात अतिशयोक्ती असेलही. परंतु फेरूंच्या नजरेखालून गेलेल्या माणकांत देवगिरीची काही माणके असण्याचा संभव नाकारता येत नाही.

फेरूंनी माणकाचे पाच प्रकार सांगितले: पद्मराग, सौगंधिक, नीलगंध, कुरुविंद आणि जामुणिय. नीलगंध म्हणजे निळसर झाक असलेले. जामुणिय म्हणजे जांभळाची छटा असलेले. नुसता 'लाल' हा शब्द त्यांना पुरेसा वाटला नाही. इतकेच नव्हे, तर वजनानुसार माणकाचा त्या काळचा भावही त्यांनी नोंदवून ठेवला. ग्रंथाचे हस्तलिखित कलकत्त्याच्या एका जैन ग्रंथभांडारात सुरक्षित राहिले. अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांच्या परिश्रमाने ते उजेडात आले आणि १९६१ साली जोधपूरच्या राजस्थान प्राच्यविद्या प्रतिष्ठानने ते प्रसिद्ध केले. ग्रंथभांडारे जपणाऱ्या आपल्या पूर्वजांचे ऋण येथे मानलेच पाहिजे.

आधुनिक विज्ञान सांगते की माणिक म्हणजे ॲल्युमिनियम आणि प्राणवायू यांचा स्फटिक. शुद्ध रूपात तो रंगहीन असतो. त्यात क्रोमियमचा किंचित अंश शिरला की लाली येते. क्रोमियम हिरवा-पिवळा आणि जांभळा प्रकाश शोषून घेतो आणि स्वतः लाल उजळतो. लोहाचा अंश वाढला की ही झळाळी मंदावते. ब्रह्मदेशातील मोगोकच्या माणकांत लोह अल्प असल्याने ती निखाऱ्यासारखी दिसतात. गंमत अशी की 'कुरुविंद' हाच शब्द तमिळ 'कुरुंदम्'च्या वाटेने इंग्रजीत 'कोरंडम' झाला आणि मराठीत तो 'कुरुंद' म्हणून धार लावण्याच्या दगडाला चिकटला. आपल्या भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पोलाद घासणारी अनेक ग्राइंडिंग व्हील आज याच द्रव्याच्या कृत्रिम कणांची असतात. त्यांतील गुलाबी चाकांना तर क्रोमियममुळेच रंग येतो. राजमुकुटातील रत्न आणि कारखान्यातील चाक एकाच कुळातील! मोल ठरते ते रंगाने आणि निर्मळतेने.

रंग पारखावा कसा? जाणकार माणिक दिवसाच्या उजेडात, शक्यतो उत्तरेकडून येणाऱ्या प्रकाशात, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहतात. पिवळ्या बल्बखाली सामान्य माणिकही खुलून दिसते, तर ट्यूबलाइटखाली चांगलेही फिके भासते. आमच्याकडे जाणते गिऱ्हाईक साडी घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात जाते, त्यामागचे शास्त्रही हेच. रंगाबरोबर 'पाणी' म्हणजे तेज पाहावे, आणि दुधक म्हणजे दुधाळपणा, जाळ, चीर हे दोषही पाहावेत.

मात्र डोळ्यांनाही मर्यादा आहेत. १९०२ मध्ये व्हर्न्यूई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वालेत कृत्रिम माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली. भट्टीत तापवून रंग सुधारणे तर सर्रास चालते. २००४ च्या सुमारास भेगांत शिसेयुक्त काच भरलेली माणकेही बाजारात आली. म्हणून आज प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र अनिवार्य ठरते. जयपूरची प्रयोगशाळा १९७२ पासून हे कार्य करीत आहे. शब्दही निसटतात. 'पद्मराग' या शब्दाचे सिंहली रूप आज गुलाबी-नारिंगी नीलमाला लावले जाते. 'कबुतराचे रक्त' हे विशेषण जो तो लावू लागल्याने २०१५ साली स्वित्झर्लंडच्या दोन नामांकित प्रयोगशाळांना त्याचे समान निकष ठरवावे लागले.

आता लालडीकडे वळू. लालडी हे वेगळे खनिज आहे. तिच्यात मॅग्नेशियमही असते. तिलाही क्रोमियमच लाल करते, त्यामुळे भलेभले फसले. ब्रिटिश राजमुकुटातील 'ब्लॅक प्रिन्स रूबी' ही वस्तुतः लालडीच आहे. युरोपात १७८३ साली रोमे द लील यांनी हा भेद स्पष्ट केला. फेरूंनी मात्र १३१५ मध्येच 'लाल' हे रत्न माणकाहून निराळे, पारशी देशाकडील म्हणून नोंदविले होते.

आणि आमची अंगठी? विवाहानंतर काही महिन्यांनी वडिलांनी माळ्यावरची आजोबांची जुनी वही काढली. खरेदीच्या पानावर स्पष्ट लिहिले होते: 'लालडी नग १', आणि पुढे तिचा माफक भाव. सराफाने कोणतीही फसवणूक केलेली नव्हती. आजीच्या कौतुकाने आणि आमच्या अभिमानाने लालडीचे माणिक केले होते. ते पान वाचून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या सराफांच्या चिरंजीवांकडे जाऊन, घरात उच्चारलेल्या शब्दांबद्दल हात जोडून क्षमा मागितली.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांमध्ये 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे: अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपविणे. विक्रेत्यासाठी हा नियम आहेच. परंतु खोटे नाव वस्तूला नेहमी दुकानातच चिकटते असे नाही. कधी ते घरातही चिकटते. लालडी लालडी म्हणूनही सुंदरच आहे. ती अंगठी आज माझ्या भाचीच्या बोटात आहे, आणि डबीत त्या पानाची नक्कल ठेवलेली आहे.

लेखनात काही उणे-अधिक झाले असल्यास, मिच्छामि दुक्कडम्.