ग्रंथालयांची सहकार-साखळी

विद्यापीठाचे ग्रंथालय कितीही संपन्न असले, तरी संशोधकाला हवा असलेला प्रत्येक ग्रंथ तेथे असणे शक्य नसते. विदेशी नियतकालिकांच्या वर्गण्या वाढत जातात. अनुदान त्या वेगाने वाढत नाही. या कोंडीतून शैक्षणिक ग्रंथालयांच्या सहकाराची कल्पना पुढे आली. संयुक्त सूची, आंतरग्रंथालयीन देवघेव आणि सामूहिक वर्गणी हे या सहकाराचे तीन आधार होत.

एका प्रदेशापुरत्या सहकाराचे ठळक उदाहरण दिल्लीत आढळते. तेथील ग्रंथालयांसाठी १९८८ मध्ये 'डेलनेट' सुरू झाले. 'दिल्ली लायब्ररी नेटवर्क' हे त्याचे मूळ नाव. अन्य राज्यांतील ग्रंथालये सामील होत गेली, तसे ते 'डेव्हलपिंग लायब्ररी नेटवर्क' झाले. सदस्य ग्रंथालये आपल्या संग्रहाच्या नोंदी संयुक्त सूचीत देतात. वाचकाने आपल्या ग्रंथालयाकडे मागणी नोंदवायची. ते ग्रंथालय दुसऱ्याकडून ग्रंथ मागवते आणि परतफेडीची हमी घेते. लेख हवा असल्यास त्याची प्रत मिळते.

राष्ट्रीय पातळीवरील प्रयत्नाचा आरंभ पुण्याशी निगडित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'इन्फ्लिबनेट' हा प्रकल्प १९९१ मध्ये पुण्यातील 'आयुका' या संस्थेच्या छत्राखाली सुरू झाला. १९९६ मध्ये त्याला स्वतंत्र केंद्राचा दर्जा मिळाला. हे केंद्र आज गांधीनगर येथे आहे. आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनंतर पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा' या त्याच्या भांडारात जमा होऊ लागले. मराठीतील अनेक प्रबंधही तेथे विनामूल्य वाचता येतात.

सामूहिक वर्गणीचे तत्त्व सोपे आहे. प्रकाशकाशी एकेकट्याने बोलण्याऐवजी अनेक संस्थांनी एकत्र वाटाघाटी केल्यास दर उतरतो. या तत्त्वावर चालणाऱ्या योजनांचे एकत्रीकरण होऊन २०१५ मध्ये 'ई-शोधसिंधू' आकाराला आली. 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना त्यापुढचे पाऊल ठरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तिला ६ हजार कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय संस्थांना खुली करणे, असा तिचा आवाका ठरला.

मात्र वर्गणी म्हणजे संपूर्ण सहकार नव्हे. ही योजना मुख्यतः शासकीय संस्थांसाठी आखलेली असून तिचा भर विदेशी नियतकालिकांवर आहे. मराठीतील जुने ग्रंथ, नियतकालिकांचे अंक आणि स्थानिक इतिहासाची साधने अशा वर्गणीत येत नाहीत. ती निरनिराळ्या ग्रंथालयांच्या कपाटांत विखुरलेली आहेत. त्यांची नोंद संगणकावर नसेल, किंवा एकच शीर्षक कोठे देवनागरीत तर कोठे रोमन लिपीत वेगवेगळ्या वर्णलेखनाने नोंदले असेल, तर ग्रंथ असूनही शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

म्हणूनच संयुक्त सूची अचूक ठेवणे, हे रूक्ष वाटणारे कामच या सहकाराचा पाया आहे. विद्यार्थ्यांनीही हवे ते पुस्तक न मिळाल्यास परत फिरण्यापूर्वी आपले ग्रंथालय कोणत्या जाळ्याचे सदस्य आहे, हे ग्रंथपालांना अवश्य विचारावे.